जिंजरचे कार्ड

न्युरेम्बर्ग
७ सप्टेंबर २०१४

धम्मपाल भाऊजी,
तुम्हाला आणि संध्याला जयभीम.

मी पोचले. यशपाल विमानतळावर आला होता. सूनबाई मैत्रीने माझ्यासाठी वेगळी खोली केली आहे. नात कीर्ती सात वर्षांची झाली. मी मराठीत बोलते ते तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. मी म्हणाले, "कीर्ती, जेवलीस का?" ती म्हणाली, "जा." मला वाटलं मला जायला सांगते. मैत्री हसून म्हणाली, "आई, जा म्हणजे हो."

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. उत्तरही पत्रानेच द्या.

विचारायचं ते एवढंच. तुमच्या दादांचा कार्डांचा डबा तुमच्याकडे आहे. पुस्तक तुम्ही करताय, आणि ते २३ नोव्हेंबरला, त्यांना जाऊन वर्ष होईल तेव्हा, पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोकांच्या हातात द्यायचं ठरलं आहे. डब्यातली दोनशे अकरा कार्डं मला पाठ आहेत. दोनशे बारावं, जिंजरचं, त्यांनी दवाखान्यात घेतलं होतं. ते मी पाहिलेलं नाही. ते पुरं झालं होतं का?

त्या एका शब्दापायी सरकारी छापखान्यात काय झालं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. श्यामकांत सरांच्या लेखाचं प्रूफ यांच्याकडे तपासायला होतं. सरांनी लिहिलं होतं की जिंजर संस्कृतातल्या शृंगवेरपासून आला, शिंगाच्या आकाराचा म्हणून. यांनी समासात प्रश्नचिन्ह घातलं. सर छापखान्यात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "गजभिये, तुम्ही खिळे जुळवा. शब्द आमच्याकडे राहू द्या." त्या दिवशी घरी येऊन यांनी जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंची पहिली कार्डं कापली. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठून कुठून आला ते मागे मागे शोधत जायचं. जिंजर मात्र त्यांनी शेवटासाठी ठेवला होता. म्हणायचे, त्याला हात लावायचा तर पुरता लावायचा.

पुस्तकावर त्यांचं नाव असणार. तेव्हा ते कार्ड चुकता कामा नये. मला दुसरं काही नको आहे.

मी बरी आहे. इथे खिडक्यांना बाहेरून पट्ट्यांचे पडदे असतात. सकाळी वर ओढायचे, संध्याकाळी खाली. ते काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

द्रौपदी


नागपूर
१९ सप्टेंबर २०१४

आदरणीय वहिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र कालच मिळाले. तुम्ही निश्चिंत असा. कार्ड पुरे झालेले आहे. मजकूर उतरवून देतो:

"जिंजर. जुन्या इंग्रजीत जिंजिफर. त्याआधी लॅटिनमध्ये झिंगिबेर. त्याआधी ग्रीकमध्ये झिंगिबेरिस. ग्रीकांनी तो घेतला भारतातून, पालीतल्या सिंगिवेर या शब्दावरून. संस्कृत शृंगवेर हे नंतर घडवलेले रूप. या शब्दाचा जन्म पालीत झाला."

वाचून माझा ऊर भरून आला. दादाने सरांचे बोलणे सरांना परत केले, असेच म्हणा! मी श्यामकांत सरांना निमंत्रण दिले आहे. ऐंशी वर्षांचे आहेत, पण येतो म्हणाले. पहिली प्रत त्यांच्याच हातात द्यायची आणि पान एकसष्ट उघडून द्यायचे, असा बेत आहे. संध्या म्हणते, "म्हाताऱ्या माणसाला बोलावून टोमणा मारणार का?" मी म्हणालो, टोमणा नव्हे, उत्तर आहे. एकतीस वर्षे उशिरा.

मात्र तुमचे परतीचे तिकीट पंचवीसचे आहे असे यशूने सांगितले. म्हणजे कार्यक्रमाला तुम्ही नसणार. वहिनी, लोक विचारतील. तारीख बदलता येणार नाही का?

आपला,
धम्मपाल


न्युरेम्बर्ग
१ ऑक्टोबर २०१४

भाऊजी,

तारीख मी मुद्दामच पंचवीसची घ्यायला लावली. हॉलमध्ये फोटोला हार, समोर खुर्च्या, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघणार, रडते की नाही म्हणून. मला रडू येत नाही. वर्ष होत आलं. इथे येऊन येईल असं यशूला वाटत होतं, तसं काही झालं नाही. मी जेवते, झोपते, रविवारी मुलांबरोबर फिरायला जाते. तेव्हा त्याबद्दल विचारू नका.

कार्डाबद्दल लिहिते. तुमचं पत्र येण्याच्या आदल्या आठवड्यात यशूला सर्दी झाली. चहात घालायला आलं आणायचं म्हणून मी एकटी उ-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तीन स्टेशनं गेले. आपलं सामान मिळतं असं एक दुकान तिथे आहे. मालक श्रीनाथ, श्रीलंकेतल्या जाफन्याकडचे तमिळ. तीस वर्षं इथे आहेत. आल्याच्या ढिगावर पाटी होती, इंगवर. जर्मनमध्ये आल्याला तेच म्हणतात. मी इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? ते म्हणाले, "इंजी." मी म्हणाले, आणि इंगवरमधला वर? त्यांनी पाटी पुन्हा वाचली. मग आल्याचा तुकडा उचलून खालचा भाग दाखवला आणि म्हणाले, "वेर. रूट. इंजी वेर." आणि मोठ्याने हसले. "तीस वर्षं मी जर्मन लोकांना हे विकतो, आणि ते माझ्याच भाषेत मागतात!" त्यांनी बायकोला आतून हाक मारून बोलावलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. आल्याचे पैसे घेतले नाहीत.

नुसतं दुकानातलं बोलणं धरून चालायचं नाही, म्हणून शनिवारी मैत्रीला घेऊन शहराच्या लायब्ररीत गेले. शब्दांच्या मुळांचा जाड जर्मन कोश होता. ती एकेक ओळ मराठीत सांगत होती, मी उतरवून घेत होते. इंग्रजीचाही कोश होता, तो मी स्वतः वाचला. दोन्हींत वाट तीच. लॅटिन, ग्रीक, पाली. पण पालीवर ती संपत नाही. पालीत तो दक्षिणेकडच्या भाषांमधून आला. तिथे इंजीसारखा शब्द आणि वेर म्हणजे मूळ. शिंगाचा आकार नंतर संस्कृतवाल्यांनी बसवला, हे यांचं खरंच होतं. आपलं आलं मात्र या वाटेवर कुठेच नाही. ते वेगळ्याच शब्दावरून आलंय.

तेव्हा "जन्म पालीत झाला" हे वाक्य काढावं लागेल. पुस्तक अजून छापायला गेलं नसेल, तर एक ओळ बदलायला वेळ लागायचा नाही. दोन्ही कोशांतून उतरवलेलं सोबत पाठवते.

द्रौपदी


नागपूर
१३ ऑक्टोबर २०१४

आदरणीय वहिनी,

तुमची मेहनत पाहून थक्क झालो. दुकानदाराचा किस्सा संध्याला वाचून दाखवला, ती खूप हसली.

पण वहिनी, थोडे समजून घ्या. दादाने लिहिलेले वाक्य आपण बदलावे का? प्रूफ तपासणाऱ्याने लेखकाचे वाक्य बदलू नये, हे तर दादाच आपल्याला शिकवायचा. मुळात असेल ते ठेवायचे.

दुसरे असे की, मी अकरा वर्षे विहारात पालीचा वर्ग घेतो. समोर बसणाऱ्यांमध्ये रिक्षा चालवणारे आहेत, नर्सबाई आहेत, कॉलेजची पोरे आहेत. त्यांना लहानपणापासून एकच ऐकवले गेले, की सगळे संस्कृतातून आले आणि तुमचे ते अपभ्रंश. त्यांच्या हातात हे पान द्यायचे आहे. साऱ्या युरोपच्या तोंडी असलेला शब्द पालीतून गेला, हे त्यांना कळू दे. आता त्याच पानावर आपणच लिहायचे की पालीनेही तो दुसऱ्याकडून घेतला? सर लगेच म्हणतील, बघा, यांचीही उसनवारीच!

तुम्ही दूर आहात, मन हळवे झालेले आहे. जास्त विचार करू नका. पुस्तकाचे मी पाहतो. थंडी सुरू झाली असेल, पायमोजे घाला.

आपला,
धम्मपाल


न्युरेम्बर्ग
२३ ऑक्टोबर २०१४

भाऊजी,

माझं मन हळवं झालेलं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

पाली उसनं घेते असं सर म्हणाले तर म्हणू द्या. ग्रीकांनी घेतला, रोमवाल्यांनी घेतला, इंग्रजांनी घेतला, जर्मनांनी घेतला. कोणालाच कमीपणा आला नाही. पालीलाच काय म्हणून येईल? तुमच्या वर्गातल्या नर्सबाईंना हे कळेल. त्यांना अर्धंच सांगायचं, तर मग सरांनी काय वेगळं केलं होतं? त्यांना संस्कृतावर थांबायचं होतं, तुम्हाला पालीवर थांबायचं आहे.

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

मी सव्वीस वर्षं यांच्याबरोबर प्रुफं वाचली. रात्रीची जेवणं झाली की ते छापखान्यातून आणलेली ओली गॅली-प्रुफं, लांब पट्ट्यांचे कच्चे छाप, पाटावर पसरायचे आणि मी मूळप्रत मोठ्याने वाचायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं म्हणायचं. मी सातवी शिकलेली. इंग्रजी मजकूर असला तर एकेक अक्षर म्हणत जायची, अर्थ कळायचा नाही. ते म्हणायचे, तेच चांगलं, अर्थ कळला की डोळा चुका करतो. पुढे अर्थही कळायला लागले. कार्डंही आम्ही अशीच तपासली. ते सांगायचे आणि मी कोश धरून बसायचे.

त्या दोनशे अकरा कार्डांमध्ये "जन्म झाला" असं एकदाही नाही. प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ एकच आहे: येथपर्यंत सापडले. मी एकदा विचारलं होतं, हे दर वेळी कशाला लिहिता, शाई जास्त झाली का? म्हणाले, पुढचा माणूस येईल, त्याला दार उघडं दिसलं पाहिजे.

मुळात असेल ते ठेवायचं, हे मला मान्य आहे. मग मूळ दाखवा. त्या कार्डाची झेरॉक्स पाठवा. दोन्ही बाजूंची. त्यांच्या हाताने ते वाक्य लिहिलेलं असेल, तर मी पुढे एक शब्द बोलणार नाही.

द्रौपदी


नागपूर
२ नोव्हेंबर २०१४

वहिनी,

झेरॉक्स सोबत आहे. पाहिलीत की कळेलच. कार्डावर दादाच्या हातचा एकच शब्द आहे, जिंजर. तोही तिरपा गेलेला. खालचे सगळे माझे अक्षर आहे.

संध्या म्हणाली, लिहायचे तर सगळे लिहा, तुकडे नकोत. म्हणून सगळे लिहितो.

त्या शनिवारी दुपारी दादाने तुम्हाला आंघोळीला घरी पाठवले. तुम्ही गेल्यावर त्याने माझ्याकडे कार्ड मागितले. मी उशीखालून काढून दिले. त्याने शब्द लिहिला आणि पेन हातातून सुटले. मी म्हणालो, दादा, तू सांग, मी लिहितो. त्याने कार्ड माझ्याकडे सरकवले. मग म्हणाला, "पुढचं द्रौपदीला विचार."

मला क्षणभर कळलेच नाही तो कोणाबद्दल बोलतो. मी म्हणालो, कोणाला? तो पुन्हा म्हणाला, "द्रौपदीला विचार. तिला माहीत आहे कसं करायचं ते." नंतर बोलला नाही. तुम्ही आलात तोवर सगळे आटोपले होते. तुम्ही मला विचारलेत, काही बोलले का? मी नाही म्हणालो.

का म्हणालो, ते मी स्वतःला वर्षभर वेगवेगळे सांगत आलो. तुम्हाला त्रास नको, वेळ तशी नव्हती, वगैरे. खरे ते हे, की मला लागले होते. सख्खा भाऊ उशाशी बसलेला, पाली शिकवणारा, आणि त्याच्याच पालीचा शब्द. तरी दादा म्हणतो तिला विचार. मला वाटले, हे मी पुरे करून दाखवीन. आणि एकदा तुम्हाला नाही म्हटल्यावर हो म्हणायची वेळच येत नाही, वहिनी. रोज ती आणखी पुढे जाते.

अजून एक. तुमचे १ ऑक्टोबरचे पत्र आले तेव्हा पुस्तक छापायला गेलेले नव्हते. ते आल्यावर मी घाई केली. चंद्रशेखरच्या छापखान्यात दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो. तीनशे प्रती बांधून घरी आल्या आहेत. पुढच्या खोलीत गठ्ठे आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही, म्हणून संध्याने वर चादर टाकली आहे.

तुम्ही म्हणाल ते करीन. सगळ्या जाळा म्हणालात तरी.

धम्मपाल


न्युरेम्बर्ग
११ नोव्हेंबर २०१४

भाऊजी,

हे पत्र यशू स्कॅन करून चंद्रशेखरला मेलने पाठवतो आहे. तो कागद काढून तुम्हाला घरी आणून देईल. एवढ्याचसाठी पोस्टाची वाट सोडली. दिवस थोडे राहिलेत.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. घरात मी एकटी होते. वाचलं, घडी करून ठेवलं, कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. मग पुन्हा वाचलं. संध्याकाळी यशूने विचारलं, काकांचं काय म्हणणं? मी म्हणाले, पुस्तक छापून झालं. रात्री झोप लागली. मी रागावले का ते मला सांगता येत नाही. कुठेतरी असेल. माझ्यापर्यंत अजून आलेला नाही.

पण वर्ष गेलं ते गेलंच, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. त्या दिवशी आंघोळीला गेले नसते तर, हे मी किती वेळा म्हटलं त्याला मोजदाद नाही. आंघोळ करून मी केससुद्धा नीट पुसले होते. माणूस गप्प गेला आणि मी घरी केस पुसत होते, असं मला वर्षभर दिसत होतं. तुमच्या एका वाक्याने ते दिसायचं थांबलं असतं. हे मी टोचून बोलत नाही. आहे तसं लिहिलं.

आता कामाचं.

प्रती जाळायच्या नाहीत. छापखान्यातल्या माणसाचं पुस्तक आहे, त्यात चूक निघाली तर काय करायचं ते छापखान्यात सगळ्यांना माहीत असतं. शुद्धिपत्र छापायचं आणि प्रत्येक प्रतीत एकसष्टाव्या पानावर वरच्या कडेला चिकटवायचं. नुसतं सारून ठेवू नका, गळून पडतं. खळ पातळ लावा, नाहीतर कागद गोळा होतो. तीनशे प्रतींना दोन माणसं एक दिवस बसली की होतं. तुम्ही आणि संध्या बसा. दुसऱ्या कोणाला सांगू नका. मजकूर असा:

"पान ६१. 'जिंजर' या शब्दाखालचा मजकूर रामदास गजभिये यांचा नाही. त्यांनी या कार्डावर फक्त शब्द लिहिला होता. पालीपर्यंतची वाट बरोबर आहे. 'जन्म पालीत झाला' हे वाक्य मात्र चूक आहे. पालीतला सिंगिवेर हा दक्षिणेकडच्या भाषांमधून आला. तमिळमध्ये आल्याला आजही इंजी म्हणतात आणि वेर म्हणजे मूळ. हे न्युरेम्बर्गच्या लायब्ररीतले दोन कोश पाहून आणि श्रीनाथ यांना विचारून लिहिले आहे. द्रौपदी गजभिये."

"येथपर्यंत सापडले" ही शेवटची ओळ मी घातलेली नाही. ती त्यांची आहे, त्यांच्या कार्डांवर राहू दे.

तुमचं नाव शुद्धिपत्रात नाही. ते लिहिण्याने शब्दाला काही फरक पडत नाही. श्यामकांत सरांना पान उघडून देऊ नका. इतरांसारखी प्रत द्या. वाचायचं असलं तर वाचतील.

आता शेवटचं.

तुम्ही लिहिलंत की त्यांनी नाव घेतलं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. चारचौघांत मी यशूची आई होते. घरात, प्रूफ वाचताना, "हं, पुढे" एवढंच. कोणाशी माझ्याबद्दल बोलायचं झालं तर "आमच्या घरचे" म्हणायचे. माझ्या माहितीत माझं नाव त्यांनी एकदाच उच्चारलं होतं, नोंदणीच्या ऑफिसात, साहेबांनी विचारलं म्हणून. तेही इतक्या हळू की साहेब म्हणाले, मोठ्याने बोला. तुम्हीही मला कायम वहिनीच म्हटलंत, म्हणून तुम्हाला क्षणभर कळलं नाही, ते मला पटतं.

तुमच्या पत्रात ते दोनदा आहे. शाईने लिहिलेलं. मी ते पुष्कळदा वाचलं. पण भाऊजी, अक्षरावरून काही कळत नाही. मी जन्मभर कागदावरचं मोठ्याने म्हणत आले, आणि हे एक मला म्हणता येत नाही. ते कसं होतं? ओढून म्हणाले की पटकन? पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा एकसारखंच, की दुसऱ्यांदा तुम्हाला कळत नाही म्हणून चिडून?

याचं उत्तर लिहू नका. यशूला मी सकाळी तिकीट बदलायला सांगितलं. तो म्हणाला, "आई, नक्की? कार्यक्रमाला बसणार?" मी म्हणाले, बसेन की नाही ते तिथे गेल्यावर बघू. एकोणीसला निघते, वीसला दुपारी नागपूर. स्टेशनवर, विमानतळावर कोणी येऊ नका. मी रिक्षाने तुमच्याकडे येईन.

संध्याला म्हणावं, थोडा वेळ आतल्या खोलीत बस. तुम्ही समोर बसा. दीर वहिनीचं नाव घेत नाही, ते मला माहीत आहे. त्या दिवशी घ्यायचं. दादांनी घेतलं तसंच, दोन्ही वेळचं.

द्रौपदी